बावीस मिलिमीटर

लघवीच्या नमुन्यात जंतू सापडले की कोणत्या औषधाने ते मरतील हे शोधायचं, हे बारकीचं रोजचं काम. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती बारकी. हे काम तिला शिकवलं तिथल्या जुन्या तंत्रज्ञांनी, म्हणजे मास्तरांनी. प्लेटवर जंतू पसरायचे, त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध चालणारं असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. तो पट्टीने मोजायचा. अंदाज ज्योतिषाला शोभतो, आपल्याला नाही, असं म्हणत मास्तर तिला एकेका मिलिमीटरसाठी पुन्हा मोजायला लावत. आठ वर्षं ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांचं काम तपासून बघावं असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

आईला ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा नमुना तिनेच नेला. मास्तरांनी तो मागून घेतला. घरच्या माणसाची प्लेट आपण वाचू नये, नजर हवं तेच बघते, हा त्यांचा जुना नियम. तिला उलट बरंच वाटलं. अहवालात नेहमीची गोळी लागू होती, गोल बावीस मिलिमीटर, खाली मास्तरांची सही.

आईने गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. पाचव्या दिवशी तिला हुडहुडी भरली, कमरेतून कळा येऊ लागल्या, आणि ती बारकीलाच तू कोण म्हणून विचारू लागली. मोठ्या रुग्णालयात कळलं, जंतू रक्तात उतरले होते. तिथे त्यांची जनुकंही तपासली. ही गोळी निकामी करणारं जनुक या जंतूंत आहे, डॉक्टर म्हणाले. ती पहिल्या दिवसापासूनच चालली नसणार. तुमचा अहवाल कुणी केला?

"आमच्या मास्तरांनी," बारकी ताठ मानेने म्हणाली. नमुन्यांची अदलाबदल या रुग्णालयातच झाली असणार, याची तिला खात्री होती.

वाचून झालेल्या प्लेटा पंधरवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत होती. आईची प्लेट तिने उजेडात धरली. त्या गोळीच्या टिकलीला चिकटून जंतू वाढले होते. गोल नव्हताच.

तिने ती मास्तरांपुढे ठेवली. "यात बावीस कुठे आहेत?"

मास्तरांनी प्लेट जवळ घेतली, लांब धरली, खिडकीकडे वळवली. मग खाली ठेवली.

"कड दिसत नाही गं. वर्ष होऊन गेलं."

"मग आकडे?"

"बहुतेकांना जे लागू पडतं, ते लिहीत गेलो. निवृत्तीला सात महिने राहिलेत."

"आईची प्लेट तरी मला द्यायची होती. मागून का घेतलीत?"

"घरच्यांची प्लेट दर वेळी घेत आलो होतो. या वेळी सोडली असती तर तुला शंका आली असती."

डोळे गेले हे तिने समजून घेतलं असतं, त्यांच्या सगळ्या प्लेटा गुपचूप वाचूनही दिल्या असत्या. पण हे म्हणजे केसाने गळा कापणं होतं, तेही तिनेच मान पुढे केलेली असताना. ती तडक प्रमुख बाईंकडे गेली. फ्रिजमधल्या एकतीस प्लेटा दोघींनी पुन्हा वाचल्या; नऊ अहवाल चुकीचे निघाले. त्या रोग्यांना फोन गेले. त्याआधीच्या प्लेटा केव्हाच जाळून टाकल्या होत्या, त्या रोग्यांचं काय झालं ते कुणालाच कळणार नव्हतं. मास्तरांनी कपाट रिकामं केलं आणि ते गेले. बारकी जागेवरून उठली नाही.

चौदा दिवसांच्या इंजेक्शनांनी आई वाचली, पण एक मूत्रपिंड अधू झालं ते झालंच. दोन महिन्यांनी मास्तरांचा निरोप आला: मोतीबिंदू काढला, आता नीट दिसतं, भेटायला येऊ का?

"येऊ दे की," आई म्हणाली. "भीतीपोटी माणूस लपवतो गं. तुला एवढं शिकवलंय त्यांनी."

आईने इतक्या सहज सोडून द्यावं याचाच बारकीला जास्त राग आला.

"तू भेट," ती म्हणाली. "मी कामावर असेन तेव्हा बोलाव."