आत्या नंतर बसते

माझ्या भाचीनं, भिंगरीनं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला की समजायचं, त्या माणसाची जागा पक्की. त्या दुपारी आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात हाच खेळ चालला होता. कारखाना आपला म्हणायचा, खाली एक लांबडी खोली आणि वर आमचं बिऱ्हाड. दुसऱ्या दिवशी कचेरीत सह्या करायच्या आणि घरच्या माणसांनी इथं येऊन जेवायचं, एवढंच भिंगरीचं लग्न. कागद कापायच्या टेबलावर पांढरी चादर टाकून झाली होती. डिंकाचा वास जावा म्हणून खिडक्या सकाळपासून सताड उघड्या होत्या. वास कुठला जातोय!

अडचण एकच होती. कटिंग मशीन जमिनीला बोल्टांनी आवळलेलं, ते काही हलत नाही. टेबलाभोवती दहा खुर्च्या लागल्या की खोली संपली.

"इथं मी, इथं हा," भिंगरी म्हणाली. हा म्हणजे नवरदेव. बस चालवतो, बोलतो कमी, ते बरंच आहे. मग त्याचे आईवडील, त्याचे आजोबा, त्याची बहीण आणि मेहुणे. आजोबांना ऐकू कमी येतं म्हणून ते नातवाजवळ. मेहुण्यांना दाराजवळ बसवू नका, उठसूट विडी ओढायला जातात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

मी कोपऱ्यात माझ्या स्टुलावर बसून छापील पानांचे गठ्ठे शिवत होते. लग्न असलं म्हणून काम थांबत नाही. हात चालू होते, पण डोळे खुर्च्यांवर.

खरं सांगते, मला त्या टेबलाशी बसायचं होतं. भिंगरीची आई गेली तेव्हा पोरीला धड चालताही येत नव्हतं. मी तेव्हा भावाकडे, म्हणजे दादाकडे, परत आले ती इथलीच झाले. तिचा गोवर, तिचे हट्ट, तिच्या परीक्षा, सगळं मी काढलं. उद्या ती नवऱ्याच्या शेजारी जेवायला बसणार आणि तिच्या दुसऱ्या बाजूला मी असणार, हे मी मनात कधीचं ठरवून टाकलं होतं. तोंडानं मागायचं मात्र नाही. मागून मिळालेल्या जागेत काय अर्थ?

"बाबा तुम्ही इथं, माझ्या डाव्या हाताला," भिंगरी म्हणाली. सुई बोटात घुसली. ठीक आहे, बाप आहे, असू दे.

"ही माझ्या मैत्रिणीची." ती मैत्रीण लहानपणी आमच्याकडेच जेवायची. असू दे.

उरली एक खुर्ची. तिच्या पाठीवर दादानंच हात ठेवला. "ही छपाईवाल्यांची. त्यांच्या कामावर आपली चूल पेटते, त्यांना सोडून कसं चालेल?" आणि तळहात झटकून म्हणाला, "झालं! बसली सगळी."

सगळी!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एवढा वेळ मूग गिळून बसले होते, पण त्या एका शब्दानं घात केला.

"आणि माझी खुर्ची कुठंय रे?"

दादा खो खो हसला. "तुला कधीपासून खुर्ची लागायला लागली? तू जेवायला बसलीस तर वाढणार कोण?"

भिंगरी हसली नाही. ती खुर्च्यांकडे बघत राहिली, एकेक पुन्हा मोजल्यासारखी, आणि तिचा चेहरा पडला. "आत्या," ती म्हणाली, "तू बसतेसच कधी? तुला जेवताना बघितल्याचं मला आठवतच नाही. नेहमी म्हणतेस, तुम्ही घ्या, मी नंतर बसते."

"म्हणते. पण एकदा तरी हात धरून बसवलंत का कुणी?"

मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

दादा नरमला. "अगं, एवढंच ना? मशीनजवळ एक स्टूल टाकू."

"स्टुलावर मी रोज बसते. काम करायला."

"मग काय छपाईवाल्यांना उठवू? का व्याह्यांना? आयत्या वेळी हे काय काढलंस!" त्याचा आवाज चढला. "तुझा स्वभावच हा. आधी बोलायचं नाही आणि मग आकांडतांडव."

"दादा, तोंड सांभाळ."

"बाबा," भिंगरी मध्येच म्हणाली. फार हळू म्हणाली. तिनं दादाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "इथं आत्या बसेल."

"आणि मी?"

"तुम्ही नंतर बसा."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा चादर ओढून फेकतो. पण त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या आणि तो बाहेर निघून गेला. रात्री जेवायला वर आला. मी वाढलं, तो जेवला. मी नंतर बसले.

दुसऱ्या दिवशी तो येईल की नाही हीच धाकधूक. कचेरीत त्यानं सही केली, घरी आला, आणि पाहुणे बसायला लागले तसा कोटाच्या बाह्या वर करून दाराशी उभा राहिला. मी भिंगरीच्या डाव्या हाताला बसले. खुर्चीला पाठ असते, ती टेकायची कशी हेच मला कळेना.

विहीणबाईंनी विचारलं, "हे काय, तुमचे दादा बसत नाहीत?"

"बाबा नंतर बसतात," भिंगरी म्हणाली.

इतकी वर्षं माझ्यासाठी हेच वाक्य कितीजणांनी कितीजणांना सांगितलं असेल. ऐकायला अगदी साधं वाटतं हो ते.

दादानं भात वाढला. आजोबांच्या मांडीवर थोडा सांडला. रस्सा वाढला तो आधी मेहुण्यांना, आजोबा राहिले. मी ओठ आवळून बसले. मग छपाईवाले म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

मी उठलेच होते. भिंगरीनं टेबलाखाली माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

दादा जिना चढून गेला. डोक्यावर त्याची पावलं वाजली. एक कपाट उघडलं, बंद झालं. दुसरं उघडलं. भांडं पडलं. पुन्हा पहिलंच कपाट उघडलं. मग तो जिन्याच्या तोंडाशी आला आणि खाली वाकून, सगळ्यांच्या देखत, त्यानं विचारलं, "अगं, पाण्याचा जग असतो कुठं?"

त्याच्याच घरात. जन्मापासूनच्या घरात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जग ओट्याखाली, डाव्या हाताला, तांदळाच्या डब्यामागे असतो. मी भात कालवला आणि पहिला घास घेतला. गरम होता.

"शोध," मी म्हटलं. "सापडेल."