अंबरीनच्या कांजिण्या

माझ्या लग्नात माझी भाची असणार की नाही, यावरून आमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. अम्मा म्हणायची, अंबरीनला चार दिवस तिच्या मामाकडे पाठवू. मी म्हणायचे, मग मलाही पाठव आणि निकाह तुम्हीच उरका. बत्तीस वर्षांची नवरी आणि वर एवढी तोंडाळ, म्हणून अम्मा कपाळावर हात मारून घ्यायची.

अंबरीन ही माझ्या भावाची, गुलशेरची मुलगी. दहा वर्षांची. आठवं वर्ष लागलं तेव्हा तिला टायफॉइड झाला आणि आमच्या गावच्या सुईवाल्या डॉक्टरनं तिला आठवडाभर इंजेक्शनं टोचली. डॉक्टर कसला, सुई एक आणि गिऱ्हाइकं पन्नास. पुढे पोर सारखी थकायला लागली, म्हणून हाफिजाबादला मोठ्या दवाखान्यात नेली, तर रक्तात काळी कावीळ निघाली, रक्तातून पसरणारी ती हिपॅटायटिस सी. बातमी आमच्या आधी गावात पोहोचली. शाळेत तिची चटई दाराशी सरकली. गल्लीला रोट्या भाजून देणारी तंदूरवाली अंबरीनच्या आईचं, आमच्या भाभीचं, मळलेलं पीठ सगळ्यांच्या शेवटी घ्यायला लागली. मला दोन स्थळं सांगून आली, चहा पिऊन गेली, ती पुन्हा फिरकली नाहीत. आणि हीच गावची माणसं साधा खोकला झाला की त्याच सुईवाल्याच्या दारात बाही वर करून उभी. ती रांग बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तीन महिने गोळ्या झाल्या. मग थांबून पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात आता काही नाही, ही इतर मुलांसारखीच, घेऊन जा. गुलशेर बसस्टँडवरच रडला. त्यानं सगळ्या गल्लीत मिठाई वाटली. गल्लीनं मिठाई घेतली, पण खाल्ली कुणी असेल असं मला वाटत नाही. काळी कावीळ कधी जात नाही, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात इफ्तिखारचं स्थळ आलं. लांबच्या गावचं, आमची गल्ली ज्यांना ठाऊक नाही असं. अम्मानं कुणालाही काही सांगायचं नाही अशी सगळ्यांना शपथ घातली. माझ्या हट्टापुढे अंबरीनला मामाकडे पाठवायचं मात्र तिनं सोडून दिलं. पोरीला सलवार-कमीजचा पिवळा जोडा शिवला. पंधरा दिवस ती तो कपाटातून काढून बघायची आणि परत ठेवायची.

मेंदीच्या दिवशी दुपारी अंगणात चटया पडल्या. कोपऱ्यात चुडीवाली मासी हुस्ना गावातल्या पोरींना काचेच्या बांगड्या भरत बसली होती. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी, डोक्यावरून पिवळी ओढणी. नवरीनं खाली मान घालून बसायचं असतं, म्हणून बसले होते. मला फक्त पाय दिसत होते, आणि त्या पायांत अंबरीनचे पाय नव्हते.

"भाभी, अंबरीन कुठंय?" मी हळूच विचारलं.

सफूरा भाभी मुळातच कमी बोलणारी. ती माझी ओढणी उगाच सारखी करत म्हणाली, "मागच्या खोलीत. अम्मा म्हणाल्या, मुलाकडचे जाईपर्यंत तिथंच राहू दे."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही. स्वतःच गेली. दार पण आतून लावून घेतलं."

मला इतका राग आला की उठून उभी राहणार होते, तेवढ्यात दारात ढोलकी वाजली आणि मुलाकडच्या बायका आत आल्या. पुढे माझी होणारी सासू, रुकय्या खाला. बाई हाडापेरानं मोठी, आवाज त्याहून मोठा. तिच्या मागे तिची थोरली सून सिद्रा, सातवा महिना लागलेली, कंबरेवर हात ठेवून चालणारी. मेंदीची ताटं मांडली, मला मिठाईचे घास भरवले. मग रुकय्या खालानं पिशवीतून एक छोटा लाल जोडा काढला.

"ती फोटोतली पोरगी कुठंय? फुफीच्या, या आपल्या नवरीच्या, मांडीवर बसलेली. तिच्यासाठी आणलाय."

गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अम्मा घाबरली की तिच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नसतो.

"तिला ना," अम्मा म्हणाली, "तिला कांजिण्या झाल्यात. मागे झोपलीय."

कांजिण्या कुणालाही होतात, त्यात अब्रू जात नाही, एवढाच तिचा हिशेब. पण रुकय्या खालाचा चेहरा पांढराफटक पडला.

"कांजिण्या? घरात? आणि आत्ता सांगता?" तिनं सिद्राचा दंड धरला. "ऊठ. तोंडावर ओढणी घे आणि गाडीत जाऊन बस. कशाला हात लावू नकोस."

"अम्मी, मी लाडू खाल्ला," सिद्रा रडवेली होऊन म्हणाली.

"बहनजी, मागच्याच खोलीत आहे ती," अम्मा मागे धावली.

"मागची असो नाही तर छतावरची. कांजिण्या वाऱ्यानं पसरतात. पहिलं नातवंड आहे माझं. माफ करा, निकाह उद्या नाही. पंधरा दिवसांनी बघू, पोरगी बरी झाली की."

पंधरा दिवसांनी बघू म्हणजे काय, ते मला दोन स्थळांनी चांगलं शिकवलं होतं. बायका चपला शोधायला लागल्या. अम्मा भिंतीला टेकून उभी. खरं सांगितलं तर लग्न मोडणार, आणि नाही सांगितलं तरी मोडतंय. मग खरं सांगूनच मोडलेलं काय वाईट? मी ओढणी मागे टाकली. हातांना मेंदी असल्यानं ती दातांनीच ओढावी लागली, ते काही फार शोभून दिसलं नसेल.

"खाला, थांबा. तिला कांजिण्या नाहीत. एक फोड नाही अंगावर. तिला काळी कावीळ होती. दोन वर्षांपूर्वी निघाली, गोळ्या घेतल्या, बरी झाली. आता रक्तात काही नाही. अम्मानं तुमच्या भीतीनं कोंडून ठेवलंय तिला."

अम्मानं डोळे मिटून घेतले. रुकय्या खाला एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

"कांजिण्या अजिबात नाहीत?"

"नाहीत."

"खा शपथ."

मी खाल्ली. ती धपकन चटईवर बसली आणि पदराएवढ्या ओढणीनं मान पुसायला लागली.

"अल्लाह, माझा जीव घशाशी आणला होता या बाईनं," ती अम्माकडे बोट करून म्हणाली. "सिद्रा, ये गं, बस. काही नाही. काळी कावीळ आहे नुसती."

"होती," मी म्हणाले.

"होती तर होती. आमच्याकडे घरटी एकाला आहे. त्यापायी लग्नं मोडायची ठरवलं तर अख्ख्या जिल्ह्यात नवरा शिल्लक राहायचा नाही." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू नेहमी अशीच बोलतेस?"

"हो."

"इफ्तिखारला कळवायला हवं. झाकलेलं बरं नाही."

सगळ्या हसल्या. आमच्या गल्लीतल्या बायकाही हसल्या, जरा उशिरा. मी मात्र हसले नाही. मी मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

भाभी अंबरीनला आणायला गेली. पोर दारात येऊन उभी राहिली, पिवळा जोडा घातलेला, केस विंचरलेले. म्हणजे खोलीत बसूनही ती तयार होऊन बसली होती.

"ये इकडे," रुकय्या खाला म्हणाली. "किती कांजिण्या आल्यात बघू."

"मला कांजिण्या नाहीत," अंबरीन दारातूनच म्हणाली. "मला दुसरं होतं."

"कळलं मला. तुझ्या फुफीनं सगळ्या गावाला ऐकवलं. बांगड्या भरल्यास का?"

अंबरीननं नाही म्हणून मान हलवली. खालानं तिला हाताला धरून मासी हुस्नासमोर नेऊन बसवलं. मासी हुस्ना आमच्याच गल्लीची. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलाच्या आईकडे पाहिलं, आणि बांगड्या उचलल्या. घाईघाईत तिचं माप चुकलं. तिसरी की चौथी बांगडी हाडावर अडकून तडकली, आणि अंबरीनच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला.

मासी हुस्नानं हात मागे घेतला. अंबरीननं तिच्याहून आधी आपला हात पाठीमागे लपवला होता.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली. आवाज अगदी शांत, मोठ्या बाईसारखा. "मी धुऊन येते. काचा पण मीच उचलते."

हे तिला कुणी शिकवलं, कधी शिकवलं, मला माहीत नाही. एकाच घरात राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

रुकय्या खालानं तिचा हात पाठीमागून ओढून पुढे घेतला. आपल्या पिस्ता रंगाच्या रेशमी ओढणीचं टोक त्या थेंबावर दाबून धरलं. रक्त थांबेपर्यंत ती तशीच बसली आणि सिद्राशी उद्याच्या जेवणात कोरमा किती लागेल ते बोलत राहिली. मग टोक उचलून बघितलं, त्यावर लहानसा डाग पडला होता. तो तिनं झटकून मांडीवर टाकला.

"एक माप मोठं काढ," ती मासी हुस्नाला म्हणाली, "आणि आधी दुसरा हात भर."

मला रडू आवरेना. दोन्ही हातांना मेंदी, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. बायकांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून नवरी रडतेय, आणि रीतीप्रमाणे त्याही रडायला लागल्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही. अंबरीन तिकडे दुसरा हात पुढे करून बसली होती आणि मासी हुस्नाला म्हणत होती, "हळू भर ना, दुखतंय."