कोड नसलेलं खातं

कुसाबाईंचं खातं नवऱ्याच्या पतसंस्थेत. रंगनाथरावांनी चार मित्रांना हाताशी धरून नाशिक रोडला ती उभी केली होती आणि त्यांचा हार घातलेला फोटो अजून तिथल्या भिंतीवर आहे. पण कॅनडातून लेकीचे पैसे यायचे, तर बँकेला स्विफ्ट कोड लागतो. कुठल्या देशातली कुठली बँक, ते त्यावरून कळतं म्हणे. या एवढ्याशा पतसंस्थेला कसला आलाय कोड!

"आई, मोठ्या बँकेत खातं काढ ना," निकिता फोनवर विनवायची.

"यांची संस्था असताना मी दुसऱ्या दारात जाऊ? लोकं काय म्हणतील?"

लोकांना काही पडलेली नव्हती, पण बाईंचा ताठा मोठा. शेवटी शेजारीच राहणारा पुतण्या शेखर पुढे झाला. त्याचं खातं मोठ्या बँकेत, कोड तयार. "माझ्या खात्यावर पाठव, मी काकूंच्या हातात देत जाईन," तो म्हणाला. घरचाच माणूस, म्हणून निकितालाही हायसं वाटलं.

कुसाबाईंनी मात्र अट घातली. लग्न झालेल्या लेकीचं खायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. काचबिंदूचं औषध महाग, म्हणून नाइलाज. "धाड बाई, पण त्या पैशाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाय."

निकितानं ते पाळलं आणि शेखरचं फावलं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग तो पडेल चेहऱ्यानं सांगू लागला, "काकू, या खेपेला कमीच आलंय. तिकडं महागाई लय." पुढं पुढं, "या महिन्यात नाय आलं. तिलाबी तिचं घर हाय ना." काय तो समजूतदारपणा! कुसाबाईंचे हात थरथरायचे, स्वतः घातलेला थेंब गालावर पडायचा. म्हणून डोळ्यांत थेंब घालायला रोज संध्याकाळी तोच यायचा. बाटली संपली की दुसरी येईपर्यंत डोळे कोरडेच. लेकीला विचारावं, तर तोंड आपल्याच हातानं बांधून घेतलेलं. मग त्या निकितावर मनातल्या मनात जळत राहिल्या. तिचा फोन आला की "बरी हाय, ठेवते," एवढंच बोलायच्या.

निकिता दिवाळीला आली, तेव्हा आईनं भिंत चाचपत येऊन दार उघडलं. दुसऱ्याच दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. "औषध मधेच बंद का ठेवलंत?" डॉक्टर वैतागले. उजवा डोळा गेला होता. गेलेली नजर परत येत नाही, डावा तेवढा सांभाळा, असं त्यांनी बजावलं.

परतताना रिक्षात कुसाबाईंनी स्वतःच अट मोडली. "तूच धाडायचं बंद केलंस. मी काय करणार होते?"

निकिता त्यांच्याकडे बघतच राहिली. "आई, एक महिनासुद्धा चुकवला नाही गं मी!" तिनं मोबाइल काढून आईपुढे धरला. दर महिन्याला तीच रक्कम, तोच कोड, तेच शेखरचं खातं. आईला पडदा दिसत नाही हे लक्षात आल्यावर ती एकेक महिना वाचून दाखवू लागली. कुसाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळा गेल्यापेक्षा पोटच्या पोरीबद्दल जे जे मनात आणलं, ते जास्त झोंबत होतं.

संध्याकाळी शेखर नेहमीसारखा आला. निकितानं त्याच्यापुढे मोबाइल धरला. त्यानं मान फिरवली, पण तो गेला नाही.

"मी पोलिसांत जाते," निकिता ओरडली.

"तू परत कधी जाणार?" कुसाबाईंनी विचारलं.

"रविवारी."

"मग सोमवारी थेंब कोण घालील?"

"बाई लावू आपण, आई! याला घरात घेऊ नकोस."

"बाईबी पैशासाठीच येणार. हा निदान ओळखीचा हाय."

निकिता रडायला लागली. कुसाबाईंनी खुर्चीत मान मागे टाकली आणि उरलेला डोळा उघडला.

"ये रे शेखर. घाल."

तो पुढे आला. त्याचा हात जराही थरथरला नाही.