डाव्या डोळ्यातली खोट

गडबच्या स्टॉपवर दोन जावा रोज सकाळी रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या. थोरली रोहिणी पेणच्या बाजूला, धाकटी दिशा रोह्याच्या बाजूला. रोहिणीला मिनिडोर रिक्षा मिळेल तेव्हा मिळायची, आणि मिळाली तरी ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसावं लागायचं. दिशाला मात्र कंपनीची बस होती. पांढरीशुभ्र, बंद काचांची, आणि बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी येणारी. बस सुटली की दिशा खिडकीतून हात हलवायची. बिचारी प्रेमानंच हलवायची, पण रोहिणीला वाटायचं, ही आपल्याला वाकुल्या दाखवते आहे.

आता रोहिणीला कंपनीच्या मॅनेजरचा कधी हेवा वाटला नाही. पेणच्या सराफाच्या बायकोचाही नाही. दिशाचा वाटायचा, कारण दोघींचं न्हाणीघर एक, कपडे वाळत घालायची दोरी एक आणि सासूही एकच. एका दोरीवर दिशाचे इस्त्रीचे कुर्ते आणि शेजारी रोहिणीचा रंगाच्या डागांनी भरलेला गाऊन. रोज बघायचं म्हटल्यावर माणूस जळणार नाही तर काय!

दिशा बी.एस्सी. झालेली. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होती. नऊ ते साडेपाच ड्युटी, रविवारी सुट्टी, महिन्याला चोवीस हजार. एक तारखेला तिचा मोबाइल वाजायचा आणि ती न बघताच हसायची. संध्याकाळी घरी येऊन, तोंड धुऊन, चहाचा कप घेऊन ती सासूशेजारी टीव्हीसमोर बसली की सासू मैनाबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायच्या, "दिशा दमून आलीय गो. रोहिणी, जरा भाकऱ्या टाकून घे."

आणि रोहिणी काय पत्ते कुटून आलेली असायची?

पेणला बाबाजीशेठच्या गणपतीच्या कारखान्यात रोहिणी बारा वर्षं आखणी करत होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. अंगाचा रंग, पितांबर, दागिने करायला दहा-बारा बाया होत्या, डोळ्यांना मात्र एकटी रोहिणी. खिडकीपाशी तिचं स्टूल होतं आणि त्यावर दुसरं कोणी चुकूनही बसत नसे. ती श्वास रोखून पापणीची रेघ ओढायला लागली की कारखान्यातला रेडिओ बंद व्हायचा आणि खुद्द शेठ दारातच थांबायचे. मान होता, नाही असं नाही. पण मजुरी नगावर. सीझनला बारा-बारा तास मान मोडून बसायचं आणि विसर्जन झालं की दोन महिने हातावर हात. बारा महिन्यांत वाटून टाकले तर महिन्याला तेरा हजार पडायचे, तेही पडले तर. पीएफ नाही, बस नाही, आणि सीझनमध्ये रविवार कुठला आला आणि कुठला गेला हेसुद्धा कळायचं नाही. मातीचा देव करणाऱ्या बाईला घरी मात्र कोणी दमलेली समजत नव्हतं, आणि रोहिणीला नेमकं तेच झोंबायचं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर दिशाच म्हणाली, "ताई, आमच्याकडं पॅकिंगला एक जागा निघालीय. सोळा हजार हातात. विचारू का?"

रोहिणीचा नवरा हर्षद हायवेला पंक्चरचं दुकान चालवायचा. तो रात्री जेवताना म्हणाला, "तीन हजारासाठी हातातली विद्या सोडतेस? तिकडं दिवसभर उभं राहायचं हाय."

"विद्या चाटायची काय?" रोहिणी फणकारली. "मला पण एक तारीख पायजे. मला पण रविवार पायजे. सगळं तिलाच का म्हणून?"

पगार, तास, काम, सगळं तिने तोलून पाहिलं असं ती सगळ्यांना सांगायची. खरं तर तिने एवढंच पाहिलं होतं की बसमध्ये दिशाच्या शेजारची सीट रिकामी आहे.

सोडताना शेठनी एकच गळ घातली, कोणाला तरी शिकवून जा. रोहिणीने नमिताला पुढे केलं. नमिता खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली सून. पाच वर्षं रोहिणीच्या शेजारी बसून पितांबर रंगवत होती, खाली मान घालून, हूं की चूं न करता. रोहिणीने तिला महिनाभर फुटक्या मूर्तींवर हात बसवायला लावला. मनापासून शिकवलं, कारण हिला आखणी जन्मात जमायची नाही याची तिला खात्री होती.

कंपनीतले पहिले दोन महिने रोहिणी हवेत होती. मोबाइल वाजला तेव्हा तिने मेसेज मैनाबाईंना वाचून दाखवला, शेजारच्या धोंडुबाईंना दाखवला, आणि हर्षदला तर दोनदा. मग हळूहळू गंमत कळायला लागली. दिशा लॅबमध्ये, पांढरा कोट घालून, एसीत, खुर्चीवर. रोहिणी शेडमध्ये, तोंडाला मास्क लावून, आठ तास उभी. पावडरचे ड्रम यायचे आणि त्यांच्यावर लेबलं चिकटवायची. लेबल सरळ पाहिजे, खाली हवा राहता कामा नये. दिवसाला चारशे लेबलं. एकाही ड्रमने कधी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. कॅन्टीनमध्ये दिशा स्टाफच्या टेबलावर आणि रोहिणी ठेकेदाराच्या बायांत. बसमध्ये शेजारी बसायच्या खऱ्या, पण दिशा पाच मिनिटांत झोपून जायची आणि तिचं डोकं रोहिणीच्या खांद्यावर पडायचं. जिचा हेवा करायचा तिचंच डोकं सांभाळत रोज गडबपर्यंत यायचं, ही काय कमी शिक्षा होती?

आणि रविवार! त्या रविवारचं करायचं काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती सकाळी उठायची, दोन वेळा केर काढायची आणि उगाच हर्षदच्या अंगावर ओरडायची.

एप्रिलमध्ये धोंडुबाई पेणहून आल्या त्या ओट्यावर टेकता टेकताच म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यात गेलेली गो गणपती सांगायला. ती नवीन बाय काय डोळं काढते! बघत र्‍हावं असं."

रोहिणी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "कोण, नमी?" ती म्हणाली. "तिला मीच शिकवलंय."

"व्हय काय? मंग तुझ्यावरच गेलीय," धोंडुबाई म्हणाल्या आणि जरा विचार करून पुढे म्हणाल्या, "पण तिचं जरा जिवंत वाटतात."

त्या दिवसापासून दिशा सुटली. तिचे इस्त्रीचे कुर्ते, तिची खुर्ची, तिचे चोवीस हजार, यातलं काहीच रोहिणीला टोचेना. रात्री डोळे मिटले की तिला ते स्टूल दिसायचं आणि त्याच्यावर बसलेली नमी. इतका जळफळाट तिला दिशामुळे कधी झाला नव्हता. दिशाकडे जे होतं ते रोहिणीचं कधीच नव्हतं. हे स्टूल तिचं होतं.

मे महिन्यात बाबाजीशेठचा फोन आला. रविवारी ये म्हणाले, काम आहे. रोहिणी साडेनऊलाच पोचली.

शेठनी तिला खुर्ची दिली, थंड मागवलं आणि सरळ मुद्द्यावर आले. "रोहिणी, ऐक. आखणीला यंदापास्नं एक बाय मी पगारावर ठेवतोय. बाराही महिने. अठरा हजार, धा ते सा, रविवार सुट्टी. सगळी पोरं कंपनीत पळायला लागली तर माझा कारखाना बंद पडंल. नमिताचं नाव हाय डोक्यात, सा महिने तिनं सांभाळलंय. पण पारख मला कुठं? मी हिशोबाचा माणूस. तू तिचा हात बघ. बरा असंल तर जागा तिची. नसंल तर पहिला हक्क तुझा, उद्या ये."

अठरा हजार, आठ तास, रविवार, आणि वर ते स्टूल. ही जागा सात महिन्यांपूर्वी का नाही निघाली मेली?

आत नमिता उभी होती. रोहिणीला बघून तिचा चेहरा फुलला. "रोहिणीताय, किती बारीक झालीस गो," ती म्हणाली आणि पदराने हात पुसत बाजूला झाली. खिडकीपाशी तीन फुटांची शाडूची मूर्ती होती, पनवेलच्या ऑर्डरीची. डोळे सकाळीच काढून झालेले.

या कारखान्यातली रीत अशी होती की डोळे पारखायचे ते उभ्याने नाही. मूर्तीसमोर जमिनीवर बसायचं, हात जोडायचे आणि वर बघायचं. देवाची नजर उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाऊन चालत नाही, ती खाली बसलेल्यापर्यंत पोचली पाहिजे. रोहिणी बसली. हात जोडले. वर पाहिलं.

मूर्ती तिच्याकडेच बघत होती.

ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, उठून मागून पुढून फिरली, पुन्हा बसली. कुठे तरी रेघ जाड झाली असेल, बुबुळ वर चढलं असेल, भुवई तुटली असेल. काही नाही. उलट उजव्या पापणीला शेवटी एक बारीकशी उचल होती, आणि त्या उचलीसाठी रोहिणीने बारा वर्षं हात घासला होता. तिला ती एकदाही साधली नव्हती. नमीने ती अशी काढली होती जसा भाकरीला पाण्याचा हात फिरवावा.

"डावा डोळा उतरलाय," ती म्हणाली.

नमिताने मूर्तीकडे पाहिलं, मग रोहिणीकडे. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. शिकवणारीने सांगितलं म्हणजे असणारच. शेठ मान वाकडी करून बघायला लागले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "व्हय गो. तरीच मला सकाळपास्नं काय तरी खटकत होतं." एकदा सांगितल्यावर त्यांना तो डोळा खरंच उतरलेला दिसायला लागला होता.

नमिताने ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही डोळे पुसून टाकले. वर पांढऱ्याचा हात दिला, पंख्याखाली वाळवला. मग बारीक ब्रश धुऊन दोन्ही हातांनी रोहिणीपुढे धरला. "ताय, तूच काढून दाव. मना बी समजल."

रोहिणी स्टूलावर बसली. सात महिन्यांनी बसली. तिने श्वास रोखला आणि आपले जुने डोळे आठवायला गेली, बारा वर्षांत हजारो मूर्तींना दिलेले. एकही आठवेना. समोर सारखे तेच येत होते, आत्ता पुसलेले. वेगळं काही करायला जावं तर ते याच्यापेक्षा कमीच दिसणार, हे तिला रेघ टेकवण्याआधीच कळत होतं. शेवटी तिने तेच काढले. तीच रेघ, तेच बुबुळ, आणि उजव्या पापणीची ती उचलसुद्धा. एकदा डोळ्यांनी पाहिली होती म्हणून साधली.

"हां! याला म्हणतात हात!" शेठनी मांडीवर थाप मारली. "ठरलं मग." आणि पनवेलला फोन लावायला ते बाहेर गेले.

नमिता मूर्तीसमोर खाली बसली. तिने हात जोडले, वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर रोहिणीला भांडता आलं असतं.

"रोहिणीताय," ती हळूच म्हणाली, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "माजंबी असंच होतं गो. मग चुकलेलं काय, तेवढं सांग मना. परत नाय चुकायची."

रोहिणीने ब्रश पाण्यात बुडवला आणि नुसताच ढवळत राहिली. पाणी काळं झालं. बाहेरून शेठची हाक आली, "रोहिणी, एक तारखेपास्नं येतेस ना?"

"येते, शेठ," ती म्हणाली.

नमिता अजून खाली बसून उत्तराची वाट बघत होती.