भिंतीपलीकडचा दवाखाना

पाथर्डी फाट्याजवळ उज्वलाच्या घरामागे आधी द्राक्षबाग होती. बागेतल्या पायवाटेने डॉक्टर उत्तराबाईंचा दवाखाना दोन मिनिटांवर. बाग विकली गेली, तिथे सोसायटी उभी राहिली आणि दिवाळीनंतर सोसायटीने भिंत घातली. उज्वलाच्या कॉलनीचा रस्ता पुढे कुठेच निघत नव्हता. दवाखान्यात जायचं तर हायवेला लागून, पुढच्या चौकातून वळून, साडेतीन किलोमीटरचा फेरा.

त्या दुपारी शेखर, तिचा नवरा, ड्युटीवर मनमाडला होता. परसात पेरू तोडताना सासऱ्यांना, पुंजाबाबांना, गांधीलमाशी चावली. पाच मिनिटांत त्यांचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या.

"पोरी, गळा आवळून येतोय," ते म्हणाले. "दम घेता येत नाय."

उज्वलाने डॉक्टरांना फोन लावून काय झालं ते सांगितलं. "मॅडम, रिक्षा मिळाली तरी वीस मिनिटं लागतील!"

"वीस मिनिटं नाहीत आपल्याकडे. भिंतीला शिडी लाव. मी येते."

टाकीवर चढायची शिडी तिने ओढत आणून भिंतीला टेकवली. वर काचा रोवलेल्या. घरातली गोधडी आणून चौपदरी करून काचांवर टाकली. मागे बाबांची घरघर ऐकू येत होती. मग घरघर एकदम थांबली. उज्वलाला वळून बघायचा धीर होईना.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सोसायटीचा वॉचमन दीपक ओरडला, "सांभाळून मॅडम!" पंचावन्न वर्षांच्या उत्तराबाई दातात पिशवी धरून गोधडीवर आल्या, शिडीवरून घसरत उतरल्या आणि धावत जाऊन त्यांनी बाबांच्या मांडीत इंजेक्शन दिलं.

बाबांनी मोठ्याने श्वास ओढला. उज्वलाने फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावली.

अॅम्ब्युलन्स हायवेच्या वळणावर अडकून पस्तीस मिनिटांनी आली. तोवर दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले.

सोसायटीच्या मीटिंगला उज्वला उत्तराबाईंना घेऊन स्वतः गेली आणि भिंतीत दार मागितलं. "सुरक्षेचा प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले.

"माझ्या गुडघ्यांचाही आहे," उत्तराबाई म्हणाल्या.

महिन्याभराने भिंतीत लोखंडी दार बसलं. दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे.

"दीपक, तू जेवायला जातोस तेव्हा किल्ली कुणाकडे असते?" उज्वलाने विचारलं.

"माझ्याच खिशात की, ताई."

तिने त्याचा नंबर घेतला आणि फोन लागतो का, ते तिथेच उभी राहून दोनदा लावून पाहिलं.