मागची उंची

स्वप्नालीशी झालेला साखरपुडा मोडताना संगमेश चारचौघांत म्हणाला होता, "गॅरेजवाल्याची बहीण नको." त्याच संगमेशला वर्षभरानं आपली उंच पिकअप घेऊन तिच्या भावाकडे, रुद्रेशकडेच यावं लागलं. उदगिरात गाडी उंच करायचं काम दुसरं कुणी करत नव्हतं.

"गाडी मागून बसलीया. माझ्या वरातीसाठी अजून उचल."

लग्नाच्या गल्लीतली कमान किती उंच आहे, हे रुद्रेशला ठाऊक होतं. तरी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली त्यानं सांगितल्यापेक्षा जाड ठोकळे बसवले.

वरातीत गाडीवरचं नवरा-नवरीचं सिंहासन कमानीला अडलं. वाजंत्री थांबली, लोक हसले. संगमेश खाली उतरून चिखलातून चालला. गर्दीत उभ्या रुद्रेशनं ते डोळे भरून पाहिलं.

घरी स्वप्नालीनं विचारलं, "अन् नवरी?"

नवरीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. तरी त्या दिवशी तो पोटभर जेवला.