चार पांढरे दगड

धसकटं वेचायला रंभाआक्का वावरात शिरली आणि मधोमध तिला चार दगड दिसले. नारळाएवढे, पांढरेधोट, चौकोनात मांडलेले. कालपर्यंत नव्हते.

आता शहरातल्या माणसाला वाटेल, दगडाला काय भ्यायचं. पण चाकणच्या ह्या पट्ट्यात पांढरा दगड म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी चुना लागतो, मग तारेचं कुंपण येतं, मग पाटी, आणि एक दिवस आपल्याच वावरात जायला वॉचमनला नाव सांगावं लागतं. आक्काच्या दोन्ही बाजूंना गोडाऊनं उठली होती. मधे तिचे हे पंधरा गुंठे तेवढे राहिले होते, नवऱ्यामागं तिनं जीव लावून राखलेले.

बांधापलीकडं धाकटा दीर, अर्जुनराव. त्याच्यावर आक्काचा संशय आजचा नव्हता. दर उन्हाळ्यात त्याचा नांगर बांधाला घासून जायचा आणि बांध थोडा थोडा तिच्याकडं सरकायचा. नवरा असताना बाभळीच्या बुंध्यापासून बांधापर्यंत बासष्ट पावलं भरायची. यंदा साठ भरली. तिनं विचारलं तर अर्जुनराव हसला होता.

"वय झालं वहिनी. पावलं चुकत्यात."

"म्हातारपणी पाऊल आखूड पडतं, भावजी. मग आकडा वाढाया पायजे, कमी कसा झाला?"

त्यावर त्यानं बुलेटला किक मारली होती.

म्हणजे आता ह्यानं गपचूप मोजणी लावली, आक्का मनात म्हणाली. साठ पावलं सरकारी कागदावर चढवून घेतोय मेला. तिनं एकेक दगड उचलला आणि बांधाकडेच्या घाणेरीच्या झुडपात भिरकावला. तेवढा वेळ एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कोकलत होती. टिटवी ओरडली की काहीतरी वंगाळ घडतं, असं तिची सासू म्हणायची. आक्काला ते आणखीच पटलं.

"जा की अवदसे," म्हणून तिनं ढेकूळ फेकून मारलं.

त्या दिवसापासून तिला जो तो अर्जुनरावाचा माणूस वाटायला लागला. मागच्या खोलीतला भाडेकरू ज्ञानदेव तर पहिला. लातूरकडचा, पलीकडच्या गोडाऊनवर वॉचमन, आणि ती नोकरी त्याला लावून दिलेली अर्जुनरावानंच. मागच्या हप्त्यात दोनदा त्यानं दार वाजवलं होतं. आक्कानं आतूनच सांगितलं, "पाण्याचं असंल तर उद्या ये."

तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध घालून येताना तिनं पाहिलं, तर ज्ञानदेव तिच्या वावरात उभा. मोबाईल हातात, जमिनीचे फोटो काढतोय. आक्काच्या अंगाची लाही लाही झाली. किटली बांधावर ठेवून ती तरातरा गेली.

"कुणी धाडलं रं तुला?"

ज्ञानदेवानं उलट तिलाच विचारलं, "मावशी, इथले दगड कुणी काढले हो?"

"मी काढले. माझं वावर हाय. तुज्या अर्जुनरावाला सांग, मोजणीचे दगड म्हातारीनं फेकून दिले म्हनून."

त्यानं मोबाईल खाली केला. "मोजणीचे कशाचे? म्या ठेवले होते ते. टिटवीनं अंडी घातलीत इथं. ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून रंग दिला. कंपनीत पार्किंगचे पट्टे मारले, त्यातला उरला होता. तुमाला सांगायला दोनदा आलतो, तुमी दारच उघडलं न्हाई."

आक्काचा विश्वास बसला नाही. "दाव कुठं हायत ती."

पण त्यालाही दावता येईना. "दगडाच्या खुणेनं घावायची. मघापासून फोटो काढून, मोठे करून तेच बघायलो, पुढं पाय टाकायचं भ्या वाटायलं."

तेवढ्यात वरच्या टोकाला पिंटूच्या ट्रॅक्टरनं आवाज केला. आज सकाळी रोटर मारायला आक्कानंच त्याला बोलावलं होतं. तिनं पदर हलवून हाका मारल्या, पण त्याच्या कानात गाणी चालू होती. कडेचा एक पट्टा त्यानं मारलाही.

"त्याला पळत जाऊन थांबीव," आक्का म्हणाली. ज्ञानदेव आल्या वाटेनं धावला.

आक्का एकटी उभी राहिली आणि तिनं टिटवीकडं लक्ष दिलं. बाभळीकडं सरकलं की पाखरू गप्प व्हायचं. ओढ्याकडं पाऊल टाकलं की अंगावर यायचं, जिवाच्या आकांतानं. आक्का खाली बघत, एकेक पाऊल जोखत तिकडंच गेली. पायापासून दीड हातावर अंडी होती. चार, मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत करून खड्यांवर ठेवलेली. ना काडी ना गवत.

आक्का तिथंच उकिडवी बसली. चाळीस वर्षं ह्या मातीत गेली, आणि आपल्याच वावरात कोण नांदतंय हे आपल्याला दिसू नये, ह्याची तिला लाज वाटली. ती बिचारी आपली जागा राखायला ओरडत होती, आणि आपण तिला ढेकूळ मारलं.

ट्रॅक्टर थांबवून पिंटू बघायला आला. "चार अंड्यांपायी एवढा तुकडा सोडायचा, आक्का?"

"सोड म्हनलं ना."

घाणेरीतले दगड परत आले, ज्ञानदेवानं त्यांच्यावर रंगाचा नवा हात मारला.

संध्याकाळी अर्जुनराव बांधावर येऊन थांबला. दगडांकडं बराच वेळ बघत होता.

"वहिनी, मोजणी लावली व्हय? आमाला सांगायचं तरी."

टिटवीची अंडी हायत, हे आक्काच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अर्जुनरावाची नजर बांधावरून बाभळीकडं आणि बाभळीवरून परत बांधाकडं गेलेली तिनं पाहिली, आणि ओठावरचं तिनं गिळलं.

"खुणा केल्यात भावजी. ज्याची जागा त्याला ऱ्हावी म्हनून."

"बरोबर हाय, बरोबर हाय," म्हणत तो गेला. बुलेट दोनदा बंद पडली.

दोन दिवसांनी बघते तर दोन गडी फावडी घेऊन बांधावर, आणि अर्जुनराव घाम पुसत उभा.

"पाण्यानं बांध खचला व्हता वहिनी, नीट करून घेतला."

"बरं केलंत," आक्का म्हणाली.

ते गेल्यावर तिनं बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून पावलं मोजली. बासष्ट, आणि वर एक वीत. भ्यालेल्या माणसानं जास्तीच सोडली होती. तिनं परत एकदा मोजून बघितलं, ह्या खेपेला मुद्दाम सावकाश.

पंधरा-वीस दिवसांनी पिल्लं निघाली आणि आईमागं दुडदुडत ओढ्याकडं गेली. ज्ञानदेव ड्यूटीवरून आला तो थेट वावरात.

"मावशी, आता दगड काढू का? पिल्लं तर गेली."

आक्कानं बांधापलीकडं एकवार बघून घेतलं.

"हात नको लावू," ती म्हणाली. "डब्यात रंग उरला असंल तर अजून एक हात मार."